अमर्यादाला परिमाण
(सदर : घर आणि व्रत)



चातुर्मास तोंडावर आला आहे. साधू-साध्वींचा विहार थांबेल, मंदिरांत आणि स्थानकांत प्रवचनांना गर्दी होईल आणि घरोघरी नियमांची यादी लिहिली जाईल. कुणी हिरव्या भाज्यांचा त्याग करील, कुणी एकासन धरील, कुणी चार महिने रात्रिभोजनाचा त्याग पाळील. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवे कलम शिरले आहे : ‘मोबाईल कमी वापरीन.’ भावना उत्तम आहे. पण नियमाला मोजमाप लागते. ‘गोड कमी खाईन’ याला आपण नियम म्हणत नाही. ‘पर्वतिथीला गोड खाणार नाही’ याला म्हणतो. मोबाईलच्या बाबतीत मोजायचे काय, हेच पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ज्या सेवेच्या नावातच ‘अमर्याद’ हा शब्द आहे तिला परिमाण लावायचे कसे, असाही प्रश्न पडतो.

हा विषय घेण्याचे निमित्त एका भगिनीचे पत्र आहे. त्या भामरागडला राहतात. यजमानांचे किराणा मालाचे दुकान आहे. घरात वयस्क सासूबाई आहेत, मुलगा नागपुरात शिकतो. चौघांचे चार नंबर आहेत आणि चारींवर रोज दोन जीबी डेटाचा प्लॅन चालू आहे. यजमानांचा फोन आता जुना झाला आहे, म्हणून नवा ५जी फोन घेण्याचे घाटत आहे. मुलगा म्हणतो, “फोन ५जी घेतला की याच प्लॅनवर अमर्याद डेटा मिळेल, तेव्हा तो कुणीही सोडू नका.” यजमान म्हणतात, “इथे रेंज येते आणि जाते, अमर्याद घेऊन करायचे काय?” सासूबाईंना एवढेच हवे आहे की, रोजचे प्रवचन चुकू नये. ताई लिहितात, “मी परिग्रह-परिमाण व्रत घेतले आहे. वहीत सोने लिहिले, भांडी लिहिली, साड्या लिहिल्या, रोकड लिहिली. हा महिन्याचा डेटा कुठल्या पानावर लिहू? की तो परिग्रहात येतच नाही?”

प्रश्न लहान दिसतो, पण तो प्रामाणिक आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातला आहे. त्याचे उत्तर आधी व्यवहाराच्या अंगाने पाहू, मग व्रताच्या.

अमर्याद म्हणजे किती?

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. त्याआधी एका जीबीसाठी महिन्याला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि माणसे डेटा तुपासारखा जपून वापरत. नव्या सेवेने पहिले काही महिने डेटा फुकट दिला. नंतर रोज एक जीबी, दीड जीबी, दोन जीबी असे हप्ते बांधून दिले. इतर कंपन्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. तेव्हापासून आपल्याकडे ‘अनलिमिटेड’ या शब्दाला एक विशेष अर्थ आला आहे. बोलणे अमर्याद, डेटा मात्र रोजच्या मापाने. माप संपले की सेवा बंद पडत नाही, पण तिचा वेग ६४ केबीपीएसपर्यंत खाली येतो. त्या वेगात लिहिलेला निरोप जातो, चित्रफीत चालत नाही. म्हणजे ‘अमर्याद’ या शब्दाच्या पोटात मर्यादा पहिल्यापासूनच आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी आले. एअरटेलने ज्या आठ शहरांपासून आरंभ केला त्यांत नागपूर होते. पुढे ५जी फोन आणि ५जीचा टॉवर असेल तिथे डेटाला रोजचे माप राहणार नाही, अशी सवलत मोठ्या कंपन्यांनी दिली. जुलै २०२४ मध्ये दर वाढले आणि त्याच वेळी ही सवलत रोज दोन जीबी वा त्याहून मोठ्या प्लॅनपुरती उरली. जिओचा रोज दोन जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन तेव्हा २९९ रुपयांवरून ३४९ रुपयांवर गेला. २८ दिवसांसाठी एकूण दोन जीबी देणारा लहान प्लॅन १५५ वरून १८९ रुपये झाला. हे दर बदलत राहतात, म्हणून रिचार्ज करताना ताजा आकडा पाहावा. पण मोठ्या आणि लहान प्लॅनमधले अंतर ध्यानात येण्यास एवढे पुरे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याच प्रश्नाचे दुसरे रूप आठवत असेल. तिथे एटी अँड टी कंपनीने जून २०१० मध्ये आणि व्हेरायझनने जुलै २०११ मध्ये नव्या ग्राहकांना अमर्याद डेटा देणे थांबवले. जुन्या ग्राहकांचा प्लॅन चालू राहिला. मग जून २०१२ मध्ये व्हेरायझनने अट घातली की, कंपनीच्या सवलतीत नवा फोन घेतला तर जुना अमर्याद प्लॅन सोडावा लागेल. पूर्ण किंमत मोजून फोन घेतला तर तो टिकेल. लोकांनी प्लॅन सुटू नये म्हणून शेकडो डॉलर जास्त देऊन फोन घेतले, कुणी जुनाच फोन वर्षानुवर्षे ओढला. ज्या एटी अँड टीच्या ग्राहकांनी प्लॅन जपला त्यांचाही वेग ठरावीक वापरानंतर कमी केला जात होता. त्याविरुद्ध तिथल्या व्यापार आयोगाने २०१४ मध्ये दावा केला आणि २०१९ मध्ये कंपनीने सहा कोटी डॉलर देऊन तो मिटवला. एवढ्या किमतीने जपलेली वस्तू नावाप्रमाणे नव्हतीच, हे यातून दिसले.

आपल्याकडे एक सोय आहे. आपला प्रीपेड प्लॅन नंबराशी जोडलेला असतो, फोनशी नाही. जुन्या फोनमधले सिम काढून नव्यात घातले की प्लॅन आपोआप पुढे चालतो. म्हणून नवा फोन घेताना कुणी ‘आता मोठा प्लॅन घ्यावाच लागेल’ असे म्हटले तर ते तितकेसे खरे नाही. फोनचा निर्णय वेगळा आणि प्लॅनचा वेगळा. दोन्ही एका दमात घेतले की मोठा फोन मोठ्या प्लॅनला आपल्यासोबत ओढून आणतो.

भामरागडचा टॉवर

आता हा विचार भामरागडच्या भूमीवर ठेवून पाहू. आलापल्लीहून साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून गेल्यावर हे गाव येते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम इथे आहे, पलीकडे छत्तीसगड. अनेक पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले आणि गावाचा संपर्क दिवसेंदिवस तुटला. भामरागडच्या अलीकडेच हेमलकसा आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया बांधवांत राहून तो वाढवला. त्या काळी तिथे वीज नव्हती, बारमाही रस्ता नव्हता, दूरध्वनीचे तर नावच नको. आजारी माणसाला खाटेवर घालून रानवाटेने आणावे लागे आणि निरोप माणसाच्या पायांनी चाले. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना टॉवरची किंमत सांगावी लागत नाही.

नक्षलग्रस्त भागांत टॉवर उभारण्याची केंद्र शासनाची योजना २०१४ मध्ये मंजूर झाली. बीएसएनएलने उभारलेले हे टॉवर २जीचे होते, बोलण्यापुरते. टॉवर जाळण्याचे प्रकारही गडचिरोली जिल्ह्याने पाहिले. २७ एप्रिल २०२२ रोजी देशभरातील अशा २,३४३ ठिकाणांवर २जीऐवजी ४जी बसवण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये, जिथे ४जी पोचलेच नव्हते अशा २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. काळाचा हा योग पाहण्यासारखा आहे. ज्या वर्षी नागपुरात ५जी सुरू झाले, त्याच वर्षी रानातल्या टॉवरांना ४जी देण्याचा निर्णय झाला. ताईंच्या घरातला मुलगा आणि आईवडील एकाच राज्यात, एकाच विदर्भात राहतात. पण एकाच दराचा प्लॅन दोघांना दोन वेगळ्या वस्तू देतो.

यातून पहिला व्यावहारिक सल्ला निघतो. जिथे ५जीचा टॉवर नाही तिथे ५जी फोन ४जीवरच चालतो आणि मग रोजचे दोन जीबी एवढेच खरे. अमर्याद ही गोष्ट कागदावर राहते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर २जी, ४जी, ५जी कुठे मिळते याचे नकाशे द्यावे लागतात. फोन घेण्याआधी आपले गाव त्या नकाशावर पाहावे, आणि त्याहून खात्रीचे म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवर प्रत्यक्ष पाहावे.

दुसरा सल्ला जंगलपट्टीतल्या सर्वांसाठी. बीएसएनएलच्या ४जीसाठी ७०० मेगाहर्ट्झची लहरपट्टी दिलेली आहे. ही लहर दूर जाते आणि झाडीतून, भिंतींतून अधिक चांगली शिरते. फोनच्या माहितीपत्रकात तिला ‘बँड २८’ म्हणतात. पुष्कळ जुन्या ४जी फोनांत हा बँड नव्हता. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागांतल्या माणसाने कॅमेऱ्याच्या मेगापिक्सलआधी हा आकडा विचारावा. बीएसएनएलचे जुने सिम असेल तर ते ४जी सिमने बदलून घ्यावे. फोन ५जी असो वा नसो, घरात बसून बोलणे नीट ऐकू येण्यात याचा उपयोग अधिक.

तिसरी गोष्ट टॉवरच्या स्वभावाची. टॉवर ही सार्वजनिक विहीर आहे. त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट शहरात रुंद असते. दुर्गम भागात ती पुष्कळदा उपग्रहावरून येते आणि अरुंद असते. त्या टॉवरखालचे सगळे फोन तेवढाच प्रवाह वाटून घेतात. संध्याकाळी चार घरांत चित्रफिती चालू असताना पाचव्या घरातल्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज फिरत राहतो, तो यामुळेच. शहरात माझ्या जास्तीच्या वापराचा शेजाऱ्याला पत्ता लागत नाही, भामरागडात लागतो. अमर्याद घेणाऱ्याला मर्यादा जाणवत नाही, ती दुसऱ्याच्या वाट्याला जाते, हे ज्या समाजाने अहिंसेचा विचार पाण्याच्या थेंबापर्यंत नेला त्याला वेगळे समजावून सांगायला नको.

वहीचे कोणते पान?

आता ताईंचा मूळ प्रश्न. डेटा परिग्रहात येतो का?

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात भोगोपभोग-परिमाण हे गुणव्रत सांगितले आहे. जे एकदा वापरून संपते तो भोग, जसे अन्न. जे पुनःपुन्हा वापरता येते तो उपभोग, जसे वस्त्र. या कसोटीवर घासून पाहिले तर फोन हा उपभोग आहे आणि डेटा हा भोग. फोनचे यंत्र परिग्रहाच्या पानावर भांड्यांशेजारी लिहावे; डेटा मात्र स्वयंपाकघरातल्या जिनसांप्रमाणे भोगाच्या पानावर जावा. वहीत दोन नोंदी होतील, कारण दोन निर्णय आहेत.

याच ग्रंथात त्यागाचे दोन प्रकार आहेत. काही काळापुरता केला तो नियम, आयुष्यभराचा तो यम. नियमासाठी दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन असे काळाचे माप घ्यावे असे सुचवले आहे. आपल्या रिचार्जची २८ दिवसांची मुदत जणू या मापांत आणखी एकाची भर घालते. वर्षात असे तेरा रिचार्ज होतात. चातुर्मासात चार पुरे होतात आणि पाचवा सुरू होतो. तेव्हा डेटाचा नियम २८ दिवसांचा घ्यावा आणि प्रत्येक रिचार्जच्या दिवशी त्याची उजळणी करावी. श्वेतांबर परंपरेत रोज सकाळी चौदा नियम धारण करण्याची रीत आहे. ज्या घरात ती आहे तिथे हे आणखी सोपे जाईल. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. या व्रतात निरुपयोगी वस्तूंचा त्याग गृहीतच आहे. मोजायच्या असतात त्या उपयोगी वस्तू. म्हणून ‘डेटा कामाचा आहे’ एवढ्याने तो परिमाणातून सुटत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वातींनी परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, असे केले आहे. रोजच्या मापाचा प्लॅन ही मूर्च्छा कशी वाढवतो ते पाहावे. दोन जीबीतला उरलेला भाग रात्री बारा वाजता नाहीसा होतो. रात्री साडेदहाला मुलाला दिसते की, सव्वा जीबी शिल्लक आहे, आणि ‘वाया जाण्यापेक्षा’ म्हणून तो काहीतरी पाहत बसतो. ताटात वाढलेले टाकू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. पण ती अन्नाला लागू आहे, कारण अन्नामागे जीव आहेत, श्रम आहेत. न वापरलेल्या डेटाने कुणाचे नुकसान होत नाही. उलट तो न वापरल्याने टॉवर मोकळा राहतो आणि झोप पुरी होते. ‘पैसे वसूल झाले पाहिजेत’ ही व्यापाऱ्याची सवय इथे आपल्याच विरुद्ध उभी राहते. २८ दिवसांसाठी एकूण दोन जीबी देणाऱ्या प्लॅनमध्ये ही घाई नसते. आज वाचलेले उद्या उरते. स्वभाव ओळखून प्लॅन निवडावा तो असा.

नागपुरातल्या मुलाचे प्रकरण वेगळे आहे. त्याला अमर्याद खरोखरच मिळते. त्याने पाहायचे ते अनर्थदंड-विरमण व्रताकडे. निष्कारण होणाऱ्या दोषांत अपध्यान आहे, दुःश्रुती आहे, प्रमादचर्या आहे. दुसऱ्याचे वाईट चिंतणे, मन मलिन करणाऱ्या गोष्टी ऐकत राहणे आणि हेतूवाचून कृती करत राहणे. बोटाने पडदा वर सरकवीत एकामागून एक रील पाहण्यात या तिन्हींना वाव आहे. मापाचा डेटा निदान एका जागी थांबवतो. अमर्यादात थांबवणारा बाहेर कुणी नाही, म्हणून तो आत असावा लागतो. मुलाला प्लॅन सोडायला लावून हे साधणार नाही. वसतिगृहात कुठेतरी वायफाय असतेच. त्याने स्वतः वेळेचे परिमाण ठरवावे आणि ते आईला नव्हे, स्वतःच्या वहीला सांगावे.

सोडणे नेहमीच पुण्य असते का?

इथे एक दुसरी बाजू आहे आणि ती सोडून दिली तर ताईंना अर्धेच उत्तर मिळेल.

त्यांच्या पत्रात एक वाक्य सहज आले आहे. तेंदूपत्त्याच्या मजुरीचा संदेश आला का, खात्यात पैसे जमा झाले का, हे पाहायला आसपासच्या पाड्यांवरची माणसे दुकानात येतात. आश्रमशाळेतून बाहेर पडलेली मुले प्रवेशाचा अर्ज भरायला यजमानांचा हॉटस्पॉट मागतात. यजमान कुणाला नाही म्हणत नाहीत. हे वाक्य वाचल्यावर दुकानाच्या नंबरावरचा मोठा प्लॅन सोडा असे मी सांगणार नाही. आपल्या परंपरेत त्यागाइतकेच स्थान संविभागाला आहे : आपल्यासाठी जे मिळवले त्यातला वाटा दुसऱ्याला देणे. विहीर स्वतःसाठी कमी उपसावी. तहानलेल्यासाठी दोर आखडू नये. जिथे निम्म्या वाटेवर पूर येतो, तिथे भरलेला एक अर्ज म्हणजे एखाद्या मुलाचे एक वर्ष असते. तो डेटा ज्ञानदानातच धरावा.

तेव्हा परिमाण माणसागणिक आणि हेतूगणिक करावे. ताईंच्या घरासाठी माझी मांडणी अशी :

दुकानाचा नंबर : रोज दोन जीबीचा प्लॅन राहू द्यावा. स्वतःच्या मनोरंजनासाठी त्यातून किती घ्यायचे हे यजमानांनी ठरवावे. अर्धा जीबी ही सोयीची रेषा आहे. साधारण दर्जाची तासाभराची चित्रफीत तेवढ्यात बसते. उरलेला डेटा गरजूंसाठी. हॉटस्पॉट देताना अर्ज आधी, करमणूक नको, एवढे प्रेमाने सांगावे. पैशांचे व्यवहार मात्र हॉटस्पॉट घेणाऱ्याने स्वतःच्याच फोनवर करावेत आणि त्याचा पिन आपण विचारू नये.

सासूबाईंचा नंबर : प्रवचन त्या ऐकतात, पाहत नाहीत, असे पत्रावरून दिसते. तासभराच्या ध्वनिफितीला ३० एमबीच्या आसपास डेटा लागतो. तेच चित्रासह पाहिले तर पंधरा-वीस पट. आठवड्याची प्रवचने दुकानाच्या फोनवर, टॉवर मोकळा असतो तेव्हा पहाटे उतरवून घ्यावीत आणि त्यांच्या फोनमध्ये घालून द्यावीत. पूर आला, वीज गेली, टॉवर बंद पडला तरी त्यांचा स्वाध्याय चुकणार नाही. मग त्यांना २८ दिवसांचे दोन जीबी पुष्कळ झाले. डेटाची अजिबात गरज नसलेल्यांसाठी आता केवळ बोलणे आणि संदेश यांचे वेगळे रिचार्जही मिळते. २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने प्राधिकरणाने कंपन्यांवर ते बंधनकारक केले आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असे ठरवले. आपल्या समाजात साधे बटणाचे फोन वापरणारी वडीलधारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांनी याची चौकशी जरूर करावी.

ताईंचा स्वतःचा नंबर : हिशेब, नातेवाइकांशी बोलणे, निरोप. यालाही लहान प्लॅन पुरेल, मात्र एक काम आधी करावे. व्हॉट्सअॅपमध्ये फोटो आणि चित्रफिती आपोआप उतरण्याची सोय बंद करावी, चित्रफिती आपोआप सुरू होण्याचीही. दोन जीबी संपतात ते बहुधा आपण मागितलेल्या गोष्टींनी नव्हे, न मागता आलेल्या सुप्रभाताच्या फुलांनी. डेटा नसतानाही यूपीआयचे काम अडले तर *९९# ही सोय इंटरनेटवाचून चालते, आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावायला डेटा लागत नाही. पावसाळ्यात हे दोन्ही क्रमांक दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

हिशेब मांडून पाहू. दोन नंबर मोठ्या प्लॅनवरून लहानावर आले तर वर दिलेल्या दरांनुसार प्रत्येकी १६० रुपये वाचतात. तेरा रिचार्जांचे, दोन नंबरांचे, वर्षाला ४,१६० रुपये. ही रक्कम दुसऱ्या एखाद्या भोगात गेली तर परिमाण कागदावरच राहिले. ती वहीत वेगळ्या पानावर लिहावी आणि वर्षाअखेरीस विद्यादानाला द्यावी. भामरागडात त्यासाठी दूर जावे लागणार नाही.

एकट्याने नव्हे, मिळून

नियम एकट्याने पाळणे कठीण आणि मिळून पाळणे सोपे, हा पर्युषणाचा आपला सर्वांचा अनुभव आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो. कुणाचा प्लॅन काढून घेतला नाही, कुणाचा फोन जप्त केला नाही. प्लॅन सगळ्यांचे चालू असताना गावाने दिवसातले दीड तास परिमाणात आणले. आपल्या प्रतिक्रमणाची वा सामायिकाची वेळ साधारण तीच आहे. एका मंदिराच्या, एका स्थानकाच्या परिसरातल्या पंचवीस घरांनी चातुर्मासापुरते हे धरले तर भोंग्याची गरजही लागणार नाही.

ताई, आता तुमच्या वहीबद्दल. फोन परिग्रहाच्या पानावर लिहा : घरात चार, पाचवा नाही, नवा आला की जुना दुरुस्त करून गरजू विद्यार्थ्याला द्यावा. जुन्याची बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो तसाच कुणाला देऊ नका, चंद्रपूरला गेल्यावर दुरुस्तीवाल्याकडून ती आधी बदलून घ्या. डेटा भोगाच्या पानावर लिहा : कोणत्या नंबराला किती, कोणत्या कामाला किती, २८ दिवसांसाठी. त्याखाली दानाची एक ओळ ठेवा. मुलाला हे पत्र दाखवा. अमर्याद सोडू नका असे तो म्हणाला त्यात घराबद्दलची काळजीच आहे, आईवडिलांशी पावसाळ्यातही बोलता यावे ही. त्याला सांगा की, बोलणे सर्व प्लॅनमध्ये अमर्यादच आहे, आणि त्याचा फोन यावा म्हणून आई रोज वाट पाहते, तिला परिमाण नाही.

वाचकहो, तुमच्या घरी मोबाईलचा कोणता नियम यंदा घेतला जात आहे, तो किती दिवसांचा आणि कशाने मोजणार, हे चातुर्मास स्थापनेपूर्वी जरूर कळवावे. निवडक नियम पुढील अंकात याच सदरात देऊ.

जय जिनेंद्र.